अंगावरचे दूध किती दिवस?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दाजीबानपेठेत भरलेल्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी मला केली. त्यांनी विषय सुचविला होता 'मुलांचे संगोपन'. विषय मोठा आणि माझी शक्ती लहान. म्हणून त्याचा एक कोपराच मी आज उचलणार आहे. या कोपऱ्यासंबंधी आपण बायका माजघरात पुष्कळ कुजबुजतो, पण चारचौघांत उघडपणे कधी बोलत नाही. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. ३१ वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना शिकविले, दोन मुले वाढविली आणि आता नातवंडे खेळवीत आहे. एवढाच माझा अधिकार.

प्रश्न असा आहे. मूल वर्षाचे झाले, पावले टाकू लागले, दोन शब्द बोलू लागले, आणि तरीही ते आईच्या अंगावर पीत असले, तर त्यात वावगे काय? किती दिवस पाजावे, आणि ते कोणी ठरवावे? सभेत मागच्या बाजूला पुरुषमंडळी बसली आहेत. त्यांनी उठून जाऊ नये अशी माझी विनंती आहे. या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांच्या हाती आहे.

प्रथम माझीच गोष्ट सांगते. दुसऱ्यांचे अनुभव सांगावयाचे तर आपला झाकून ठेवणे बरे नव्हे.

माझी मुलगी १९८१ साली झाली. ती चौदा महिन्यांची असताना नात्यातल्या एका लग्नाला आम्ही गेलो होतो. जेवणाची पंगत उठली होती, बायका पानसुपारी घेत बसल्या होत्या. मुलगी दुडूदुडू धावत आली आणि तिने माझा पदर ओढला. मी तिला मांडीवर घेतले, तोच एक वडीलधाऱ्या बाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं, पोरगी पळायला लागली, तोंडात दात आले, आणि अजून पाजतेस? मास्तरीणबाई ना तू?" सगळ्या हसल्या. त्या बाईंच्या मनात काही वाईट नव्हते. पण मी चोवीस वर्षांची होते. ते हसणे मला लागले. घरी आले ती निश्चय करूनच.

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाचा पाला वाटून लावला. मुलगी आली, तोंड लावले, आणि दचकून माझ्याकडे पाहू लागली. ती रडली नाही. नुसती पाहत राहिली. ती नजर मला अजून आठवते. रडणे पुढे रात्री झाले. तीन रात्री झाले. इकडे माझे दूध साठून छाती दगडासारखी झाली आणि अंगात ताप भरला. मुलीने अंगठा तोंडात घातला तो पुढे कित्येक वर्षे सुटला नाही. त्या पावसाळ्यात तिला जुलाब झाले आणि ती फार वाळली. दूध तोडले म्हणूनच ती आजारी पडली असे मी म्हणणार नाही. पोराला जुलाब अनेक कारणांनी होतात. पण त्या आजारात ती पाणी घेईना, पेज घेईना, आणि माझ्यापाशी तिला द्यावयास काही उरले नव्हते, एवढे खरे.

माझ्या सासूबाईंचे माहेर गदगजवळच्या बेटगेरीचे, मागाच्या घरातले. कांड्या भरता भरता मुलाला मांडीवर घ्यावे, त्याने प्यावे, उठून खेळावयास जावे, असे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. स्वतःच्या मुलांना त्यांनी तीन तीन वर्षे पाजले होते. माझा सगळा खटाटोप त्यांनी पाहिला आणि चौथ्या दिवशी एवढेच म्हणाल्या, "मला विचारलं असतंस तर!" मी त्यांना विचारले नव्हते. लग्नघरात हसणाऱ्या बायकांचे मात्र ऐकले होते.

दुसरा मुलगा १९८५ साली झाला. त्याला मी अडीच वर्षे पाजले, पण कसे? माजघराचे दार लोटून, कडी घालून, चोरी केल्यासारखे. शेवटी शेवटी तो पोरगा स्वतःच म्हणू लागला, "आई, दार लाव." दोन वर्षांच्या लेकराला भूक आणि माया यांच्याबरोबर लाजही मी शिकविली. पहिल्या वेळी दूध तोडले ही चूक, आणि दुसऱ्या वेळी लपविले ही दुसरी चूक, असे आज मला वाटते.

या विषयावर बोलावयाचे ठरल्यावर आपल्या पेठेतल्या आणि आसपासच्या काही मायलेकींशी मी मुद्दाम बोलले. नावे सांगणार नाही. त्यांचा विश्वास मोडणे बरे नाही. पण त्यांचे अनुभव ऐकण्याजोगे आहेत.

एकीचा मुलगा पावणेदोन वर्षांचा. त्याला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. चमच्याने काही घातले की बाहेर पडे. अंगावरचे दूध मात्र तो थोडे थोडे घेत राहिला. डॉक्टरांनी तिला सांगितले, "पाजणे मुळीच बंद करू नका. मीठसाखरेचे पाणी, झिंकचे औषध आणि तुमचे दूध, तिन्ही चालू ठेवा." ती मला म्हणाली, "बाई, त्या आठवड्यात त्याचं पोट माझ्यावरच चाललं. त्याआधी महिनाभर सगळे मला सोडव सोडव म्हणत होते. मी सोडवलं असतं तर?"

दुसरीचे दुकान दुर्गदबैलाच्या बाजूला. सकाळी नऊला ती गल्ल्यावर बसते ती रात्रीच घरी येते. तिची मुलगी दोन वर्षांची. दिवसभर आजीजवळ भाकरी-आमटी, दहीभात खाते, कधी आईची आठवणही काढीत नाही. पण रात्री आई उंबऱ्यात आली की चप्पल काढण्याचीही सवड देत नाही. ती बाई म्हणाली, "दिवसभर मी तिची नसते. ती दहा मिनिटं मी तिची असते." मला वाटते, दुधात काय काय असते याची यादी पुस्तकात सापडेल, पण ती दहा मिनिटे त्या यादीत यावयाची नाहीत.

तिसरीचा अनुभव उलटा. तिचा मुलगा सव्वादोन वर्षांचा, रात्रीतून पाच पाच वेळा उठतो. ती दमून गेली आहे, अंग मोडून येते, आणि तिला आता पाजणे नकोसे झाले आहे. पण आजेसासूबाई म्हणतात, "दूध आहे तोवर पाजलंच पाहिजे." ती मला हळूच विचारीत होती, "सोडवलं तर पाप लागेल का हो?" मी तिला सांगितले, पाप कसले? दोन वर्षे तू पाजलेस, तुझे ऋण फिटून वर उरले. थांबावेसे वाटते, तर थांब. फक्त हळूहळू थांब.

चौथीला पहिल्या मुलाच्या वेळी दूध आलेच नाही म्हणा, किंवा आले ते टिकले नाही. पुष्कळ उपाय झाले. शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध दिले. तो मुलगा आज उत्तम शिकतो आहे. पण 'आईचे दूध प्यायला नाही' हे शब्द तिने दहा वर्षे ऐकले. हे शब्द आपणच, आपल्याच घरांत, उच्चारले आहेत.

भगिनींनो, एकीला लवकर सोडव म्हणून टोचले, दुसरीला सोडवू नको म्हणून टोचले, तिसरीला आलेच नाही म्हणून टोचले. पाजणारी आई एकटी असते आणि तिला सांगणारी तोंडे अनेक असतात. तेव्हा आता जरा शास्त्र काय म्हणते ते पाहू, म्हणजे या तोंडांना उत्तर देता येईल.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रापासूनच आरंभ करू. सुश्रुतसंहितेत बालकांचे तीन प्रकार केले आहेत : एक वर्षापर्यंतचे ते क्षीरप, म्हणजे मुख्यतः दुधावर राहणारे, दोन वर्षांपर्यंतचे क्षीरान्नाद, म्हणजे दूध आणि अन्न दोन्ही घेणारे, आणि त्यापुढचे अन्नाद, म्हणजे अन्नावर राहणारे. त्याच ग्रंथात सहाव्या महिन्यात हलके अन्न द्यावे असेही सांगितले आहे. आपण त्यालाच उष्टावण म्हणतो. म्हणजे दुसऱ्या वर्षी मूल दूधही पिते आणि अन्नही खाते, ही गोष्ट आपल्या शास्त्रकारांना इतकी स्वाभाविक वाटत होती की त्या वयाला त्यांनी नावच मुळी तसे दिले. आपल्या हुबळीत शेजारी राहणाऱ्या मुसलमान बंधूंच्या कुराणातही मातांनी पूर्ण दोन वर्षे दूध पाजावे असे सांगितले आहे, आणि आईबापांनी परस्परांच्या संमतीने व विचाराने त्याआधी थांबविले तरी दोष नाही, असेही म्हटले आहे. धर्म निराळे, देश निराळे, पण मूल वाढविणाऱ्या माणसांचा अनुभव एकच निघाला.

आता आजचे शास्त्र. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा सल्ला असा आहे की, पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीदेखील नको. सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू करावे. आणि अन्नाबरोबर आईचे दूध दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही चालू ठेवावे. 'त्यापुढेही' हा शब्द ध्यानात घ्या. दोन वर्षे ही सीमारेषा नव्हे. तिच्यापुढे किती जावे हे आई आणि मूल यांच्यावर सोडले आहे.

पुष्कळ बायका म्हणतात, वर्षानंतर दुधात काही सत्त्व राहत नाही, नुसते पाणी होते. हे खरे नाही. सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत मुलाला लागणाऱ्या शक्तीपैकी निम्मी किंवा त्याहून अधिक, आणि दुसऱ्या वर्षी सुमारे एकतृतीयांश, आईच्या दुधातून मिळू शकते. शिवाय रोगाशी झुंजणारी द्रव्ये त्या दुधात दुसऱ्या वर्षीही असतात. आणि मूल रांगू लागते, जमिनीवरचे उचलून तोंडात घालते, चार घरी जाते, तेव्हाच तर त्यांची गरज अधिक.

लाभ एकट्या मुलाचाच नाही. २००२ साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तीस देशांतील पाहण्या एकत्र करून एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आईने सर्व मुले मिळून पाजलेल्या काळात दर बारा महिन्यांमागे तिला स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसून आले. म्हणजे आईचे आयुष्य झिजते अशी जी समजूत आहे, तिला येथे आधार मिळत नाही. आई झिजते ती पाजल्याने नव्हे, पोटभर न खाल्ल्याने. सगळ्यांची जेवणे उरकल्यावर तळाची भाजी आणि शिळी भाकरी तिच्या वाट्याला आली, तर दोष दुधाला कसा द्यावयाचा?

परंतु येथे एक इशारा दिला पाहिजे. दूध चालू आहे म्हणून अन्न मागे पडता कामा नये. आईच्या दुधात लोह थोडे असते. जन्मताना मुलाच्या अंगात असलेला साठा सहा महिन्यांच्या सुमारास पुरेनासा होतो. आपल्या देशात चूक होते ती येथे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले शंभरांत जेमतेम अकरा निघाली. जुन्या काळाचे गोडवे गाताना आपण हे विसरतो, की त्या काळी पुष्कळ घरांत मूल वर्षाचे होईपर्यंत त्याला धड घास मिळत नसे, आणि मग नुसत्या दुधावर ते किरकिरे होई. सासूबाईंच्या तीन वर्षांचे मी कौतुक करते. पण त्यांच्या पिढीच्या उशिराच्या उष्टावणीचे करीत नाही. नाचणीचे सत्त्व, मऊ खिचडी, घोटलेली डाळ, कुस्करलेले केळे, हिरवी पालेभाजी, आणि ज्यांच्या घरी चालते त्यांनी अंडे, असे सहा महिन्यांपासून थोडे थोडे देत जावे. वर्षाच्या मुलाने घरातले साधे अन्न, तिखट वगळून, खावे. आधी घास आणि नंतर दूध, हा क्रम वर्षानंतर चांगला.

आणखी काही समजुतींचा परामर्श घेते.

दुसरे दिवस राहिले की दूध 'विषारी' होते, असे म्हणतात. ते तसे होत नाही. प्रकृती निकोप असेल आणि आईचे खाणेपिणे चांगले असेल, तर गरोदरपणातही पाजता येते. दूध मात्र पुढे पुढे कमी होते, चवही बदलते, आणि पुष्कळ मुले आपण होऊन सोडतात. ज्यांना पूर्वी दिवस भरण्यापूर्वी बाळंतपण झाले असेल किंवा अंगावर रक्त दिसत असेल, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

दात आल्यावर पाजू नये असे म्हणतात. दातांचा आणि दूध सोडण्याचा काही संबंध नाही. मात्र रात्री वरचेवर पिणाऱ्या मोठ्या मुलाचे दात किडण्याचा संभव असतो; म्हणून रात्री झोपण्यापूर्वी त्याचे दात घासून द्यावेत. मूल चावले तर शांतपणे बाजूला करावे, ओरडू नये. दोनचार वेळांत त्याला समजते.

आई आजारी पडली, औषध सुरू झाले, की लागलीच पाजणे बंद, असा प्रघात आहे. बहुतेक साध्या आजारांत त्याची गरज नसते. डॉक्टरांना 'मी पाजते आहे' असे आवर्जून सांगावे, म्हणजे ते तसे औषध देतील. पण मिश्री लावणे, तपकीर ओढणे, तंबाखू खाणे या आपल्या बायकांच्या सवयी मात्र सोडाव्यात. तंबाखूचे विष दुधात उतरते.

मोठेपणी पाजल्याने मूल आईवेडे, भित्रे होते असेही म्हणतात. शाळेत ३१ वर्षांत मी शेकडो मुले पाहिली. पहिल्या दिवशी रडणारे मूल किती दिवस प्यायले होते हे त्याच्या रडण्यावरून मला कधी सांगता आले नाही.

आता सोडवायचे कसे? कडुनिंब नको, कोरफड नको, मिरची तर मुळीच नको, आणि मुलाला चार दिवस मामाच्या घरी पाठवून देणेही नको. आधी दिवसातली जी वेळ मुलाला सर्वांत कमी लागते ती सोडावी. आठवडा दोन आठवडे गेल्यावर दुसरी. मागितल्याशिवाय देऊ नये, मागितले तर झिडकारू नये. त्या वेळेला खाऊ, गोष्ट, बाहेर फेरफटका असे काही ठेवावे. निजतानाची वेळ सर्वांत शेवटी सोडावी, आणि तेव्हा वडिलांनी किंवा आजीने मुलाला थोपटावे. असे केल्याने दूधही हळूहळू आटते, आईला ताप येत नाही, आणि मुलाच्या डोळ्यांत ती नजर येत नाही जी मी १९८२ साली पाहिली.

पुरुषमंडळींना थांबविले होते ते यासाठी. वडिलांनी रात्री मुलाला थोपटले, सकाळी पत्नीच्या ताटात काय पडले हे एकदा पाहिले, आणि कोणी टोमणा मारला तर 'ते आमचे आम्ही पाहू' एवढे एक वाक्य उच्चारले, तर अर्धे काम होईल. माझ्या यजमानांना ते वाक्य सुचले नाही. त्यांचाही दोष नाही. त्यांना ते कोणी शिकविले नव्हते.

आपल्या मराठी मुलखात दूध पाजणाऱ्या आईला मान आहे. रायगडाच्या हिरकणीची कथा लहान मुलांनाही ठाऊक असते : गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे भुकेले, म्हणून ती गवळण अंधारात कडा उतरून गेली. तिच्या नावाचा बुरूज गडावर आहे. संभाजीराजांना १६५७ साली पुरंदरावर जन्मल्यानंतर सईबाईंच्या आजारपणामुळे कापूरहोळच्या धाराऊने दूध पाजले. राजघराण्याने आणि इतिहासाने तिचे नाव जपून ठेवले. जी स्वतः पाजू शकली नाही त्या सईबाईंना कोणी कधी उणे म्हटले नाही, हेही ध्यानात घ्यावे. आज महाराष्ट्रात एस. टी. स्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत पाजणाऱ्या आयांसाठी 'हिरकणी कक्ष' असतात. बुरुजाला नाव देणे सोपे. आपल्या शेजारी बसलेल्या हिरकणीला जागा करून देणे अधिक कठीण.

कायद्यानेही काही गोष्टी मानल्या आहेत. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सवड दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. १९९२ साली दुधाच्या भुकटीचे डबे आणि दूधबाटल्या यांच्या जाहिरातींना व फुकट वाटपाला बंदी करणारा कायदा झाला, आणि २००३ साली दोन वर्षांपर्यंतच्या बालआहाराच्या जाहिरातीही त्याच्या कक्षेत आल्या. व्यापाऱ्याने आई आणि मूल यांच्यामध्ये येऊ नये, हा त्याचा हेतू.

तेव्हा आता आपल्या ट्रस्टकडे वळते. पन्नास वर्षांत ट्रस्टने विद्यार्थ्यांना मदत केली, अडलेल्यांची लग्ने लावली, आजारी माणसांना हात दिला. या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी तीन मागणी आहेत.

पहिली. आपल्या कार्यालयात लग्नमुंजी होतात, हळदीकुंकू होते, शेकडो बायका मुले घेऊन येतात. तेथे पाजणाऱ्या आईला बसावयास एक स्वच्छ, हवेशीर खोली असावी. एक पलंग, एक पंखा, पिण्याचे पाणी. पण दारावर अशी पाटी नको की 'येथेच पाजावे'. ज्या आईला मंडपात सर्वांच्यात बसून पाजावेसे वाटेल, तिने तसे पाजावे. खोली सोयीसाठी असावी, लपविण्यासाठी नसावी.

दुसरी. बारशाला आणि बाळंतिणीच्या मदतीला आपण जो आहेर देतो, त्यात दूधबाटली आणि भुकटीचा डबा कधीही नसावा. त्याऐवजी आईसाठी डिंक, खारीक, अळीव, शेंगदाणे, गूळ, आणि मूल सहा महिन्यांचे झाल्यावर नाचणीचे पीठ व मुगाची डाळ द्यावी. ज्या मुलाला डॉक्टरांनी डबा सांगितला आहे त्याची गोष्ट निराळी. त्या आईला तो घेताना मान खाली घालावी लागू नये.

तिसरी मागणी पैशांची नाही, ती आपणा सर्व वडीलधाऱ्या बायकांजवळ आहे. धावत्या मुलाला पदराखाली घेणारी आई दिसली, तर 'अजून?' हा शब्द आपल्या तोंडून न निघावा. आणि दूध तोडलेली किंवा कधी न पाजलेली आई दिसली, तर 'इतक्यात?' आणि 'का बरं?' हेही न निघावेत. विचारावयाचेच असेल तर एकच विचारावे, "तू जेवलीस का?"

शेवटी एक सांगून संपविते. माझी ती मुलगी आज बंगलोरला नोकरी करते. तिची मुलगी सव्वीस आठवड्यांची झाल्यावर ती कामावर रुजू झाली. वर्षापर्यंत दूध काढून ठेवी. वर्षानंतर त्याची गरज राहिली नाही, सकाळी निघताना आणि रात्री आल्यावर, एवढेच उरले. असे तिने अडीच वर्षे पाजले, दार न लावता, आणि मग मायलेकींनी मिळून हळूहळू सोडले. त्या दिवसांत एकदा तिने मला फोनवर विचारले, "आई, तू मला किती दिवस पाजलंस?" मी चौदा महिने म्हणाले. "मग का थांबलीस?" मी तिला खरे ते सांगितले. लग्नघर सांगितले, हसणे सांगितले, कडुनिंब सांगितला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला कुणी तरी सांगायला हवं होतं गं, की चालतं."

तेच सांगण्यासाठी आज मी येथे उभी राहिले. आज या सभेत मांडीवर मुले घेतलेल्या ज्या लेकीसुना बसल्या आहेत, त्यांना मी वयाच्या अधिकाराने सांगते : चालते. वर्षानंतर चालते, दोन वर्षांनंतर चालते. आणि थांबावेसे वाटले तर थांबलेलेही चालते. तुमचे आणि तुमच्या लेकराचे जे ठरेल ते खरे. आम्ही म्हाताऱ्या तुमच्या ताटात काय आहे तेवढे पाहू.